कुर्ल्यात जन्म, कुर्ल्यातच पुनर्जन्म!

बीकेसीच्या काचेच्या टॉवर्सपासून थोड्याच अंतरावर, हातोडा आणि वेल्डिंगच्या जोरावर जुन्या पद्मिनींना पुन्हा पायावर उभं करणारी एक दुनिया आहे. गाडीच्या तळातून रस्ता दिसायला लागला की लोक इथं येतात...

बीकेसीतल्या ऑफिसातून संध्याकाळी कुर्ला स्टेशन गाठणाऱ्या शेअर रिक्षात तुम्ही कधी ना कधी बसला असालच. कानात इअरफोन, मांडीवर लॅपटॉपची बॅग आणि डोक्यात एकच विचार, ट्रेन मिळेल ना? अशा वेळी आजूबाजूला काय चाललंय, हे बघायला वेळ कुणाला आहे? पण एखाद्या शनिवारी मुद्दाम उतरा आणि कुर्ल्याहून कलिनाकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर चालत निघा. फुटपाथवर चवड रचावी तसे गाड्यांचे दरवाजे, दोरीला टांगलेले बंपर, आरशांचे हार, ऑइलमध्ये न्हालेली इंजिनं. मॉलमधलं विंडो शॉपिंग विसराल, बॉस!

या रस्त्याला लागून असलेल्या गल्ल्यांमध्ये छोटी-छोटी गॅरेजेस आहेत. बोर्ड असलाच तर अर्धा पुसलेला. त्यातल्याच एका गॅरेजात एक प्रीमियर पद्मिनी चार घोड्यांवर चढवून ठेवली होती. सीट बाहेर, कार्पेट बाहेर, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली चक्क खिडकी! खालची जमीन, तिच्यावर सांडलेलं ऑइल, एक मांजर... सगळं दिसत होतं.

'प्रीमियर'च्या गावात

पद्मिनीचं आणि कुर्ल्याचं नातं आजचं नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. पुढे इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली, आणि मुंबईकरांच्या तोंडी 'फियाट' हा शब्द कायमचा बसला. सत्तरच्या दशकात याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि मागच्या सीटवर अख्खं कुटुंब. गाडी बुक करून वर्षानुवर्षं वाट बघायचे लोक तेव्हा. आपल्याला ऑनलाइन ऑर्डर दोन दिवस उशिरा आली तरी चिडचिड होते!

कारखाना गेला, पण प्रीमियर रोड हे नाव अजून टिकून आहे. काळी-पिवळी पद्मिनीही गेली. तारदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बाद झाली. त्या दिवसांत सगळ्यांनी फोटो काढले, स्टेटस टाकले. पण खासगी पद्मिनी अजून आहेत. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, कव्हरखाली, कुणाच्या तरी बाबांची आठवण म्हणून.

घोड्यांवर चढलेली ही गाडी तशीच. मालक ठाण्याचा, आयटीवाला, तिशी नुकतीच ओलांडलेला. गाडी त्याच्या बाबांनी बँकेचं कर्ज काढून १९८६ मध्ये घेतलेली. बाबा आता नाहीत. आई म्हणते, विकून टाक. भंगारवाला वजनावर पैसे द्यायला तयार आहे. आणि गाडीच्या नोंदणीचं पुढचं नूतनीकरण तोंडावर आलंय. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ही फी दहा हजारांवर गेली आहे. फी भरता येते हो, पण तळाला भोक असलेली गाडी तपासणीला न्यायची कुठल्या तोंडानं?

गंज वरून लागतो!

आपल्याला वाटतं, रस्त्यावरचं पाणी खालून उडतं आणि पत्रा खालून सडतो. ते खरं, पण अर्धंच. पद्मिनीचा खरा शत्रू गाडीच्या आतच बसलेला असतो. समोरच्या काचेचं रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात, पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागून हळूच खाली उतरतं. दरवाज्यातून येतं. भिजलेल्या बुटांबरोबर येतं. कार्पेटखालचा नमदा ते पाणी स्पंजसारखं पितो आणि वरच्या रबरी मॅटमुळे ते सुकतच नाही. लोखंड, पाणी आणि हवा, गंजाला एवढं पुरतं. त्यात मुंबईची खारी हवा! मीठ मिसळलं की पाण्यातून गंजाची क्रिया कैक पटींनी वेगात चालते.

आणि २६ जुलै २००५? त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीनं कुर्ला-कलिना पाण्याखाली घातलं. तेव्हा बुडालेल्या कितीतरी गाड्यांची इंजिनं लोकांनी दुरुस्त केली, सीट उन्हात वाळवल्या. कार्पेटखालचा नमदा मात्र फार थोड्यांनी उचलून बघितला. गंजाला घाई नसते. तो वर्षानुवर्षं शांतपणे काम करतो.

या पद्मिनीचं तर अजूनच वाईट झालेलं. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजनं तिचा तळ 'दुरुस्त' केला होता. म्हणजे काय? भोकांवर फायबरचं कापड आणि रेझिन, वर डांबराचा जाड थर. वरून एकदम गुळगुळीत. आत ओलावा कोंडलेला, गंज सुखात. गॅरेजच्या चाचांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्या गुळगुळीत तळाला हळूच टोचला. तो बिस्किटात जावा तसा आरपार गेला. "मॅडम, ये पत्रा नहीं, पापड है," चाचा म्हणाले.

मॅटखालचा कणा

मुळात हा एवढा व्याप कशासाठी? एक पत्रा ठोकला की झालं, नाही का? नाही ना! जीप किंवा ट्रकला खाली वेगळी चेसिस असते, जाडजूड लोखंडाची. बॉडी तिच्यावर बसवलेली. पद्मिनीला अशी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दरवाज्याखालचे उंबरे, खांब, छप्पर हे सगळं एकमेकांना जोडून तयार झालेली पेटी म्हणजेच गाडी. सीट तळावर बसते, सीटवर तुम्ही बसता. म्हणजे फ्लोअर हा पायाखालचा गालिचा नाही, तो गाडीचा कणा आहे. तो गेला की गाडी मधोमध वाकायला लागते. कळतं कसं? दरवाजा नीट लागेनासा होतो. मग लोक बिजागरी बदलत बसतात!

म्हणूनच चाचांनी ग्राइंडरला हात लावायच्या आधी दोन दिवस नुसती तयारी केली. बॅटरी काढली. पेट्रोलची टाकी काढली, कारण ठिणग्या आणि पेट्रोल यांची दोस्ती कुणालाच परवडत नाही. ब्रेकचा पाइप, पेट्रोलची नळी, वायरिंग बाजूला केलं. मग दरवाज्यांच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे वेल्ड केले, तात्पुरते. पेशंटला ऑपरेशनआधी बांधून ठेवावं तसं. तळ कापल्यावर चौकट एक सूतभर जरी हलली, तरी नंतर दरवाजा जन्मात बसणार नाही. आणि नियम एकच, दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. आधी डावी. ती बसली, थंड झाली, मापं जुळली की मग उजवी.

कापायचं कुठवर? वरून भोक नाण्याएवढं, खालून बघितलं तर बशीएवढं, आणि आजूबाजूचा कागदासारखा पातळ पत्रा धरला तर परातीएवढं! चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. इथं हात आखडला, तर नवा जोड सडक्या कडेवर बसतो आणि दोन पावसाळ्यांत सुटतो.

उजवी बाजू कापताना ॲक्सिलरेटरखालचा तुकडा निघाला. त्यावर एका जागी रंग पार उडालेला, पत्रा गुळगुळीत झालेला. बाबांच्या टाचेची जागा. एवढी वर्षं तीच टाच, तिथंच. मालकानं तो तुकडा हातात घेतला, रुमालात गुंडाळला आणि बॅगेत ठेवला. चाचांनी ग्राइंडर बंद करून चहा मागवला. दोघंही काही बोलले नाहीत.

तयार फ्लोअर मिळत नाही का? पद्मिनीचा चांगला तळ शोधायचा म्हणजे भंगारात गेलेल्या पद्मिनीतून कापून आणायचा, आणि तिचाही तळ बहुतेक वेळा असाच सडलेला. मग हातानं बनवायचा. १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यायचा. जुन्या तुकड्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापायचा. आणि मूळ पत्र्याला असतात तशा लांबट नाल्या त्यात ठोकून काढायच्या. त्या नाल्या शोभेच्या नाहीत हं! सपाट कागद वाकतो, घडी घातलेला कागद उभा राहतो. फंडा तोच. लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठेवून चाचा तासभर हातोडा चालवत होते. मोजपट्टी क्वचितच उचलली. बोट फिरवायचं, ऐकायचं, पुन्हा ठोकायचं.

वेल्डिंगही सलग रेघ ओढावी तसं नाही. इथं एक टाका, मग हातभर लांब दुसरा, मग पुन्हा मधे. सलग उष्णता दिली की पत्रा फुगतो, लाटा येतात. सगळे टाके जुळले की घासायचं, रंगाआधीचा गंजरोधक प्रायमर लावायचा, सांध्यांमध्ये सीलर भरायचा, आणि खालून अंडरबॉडी कोटिंग. पाणी निघून जायची मूळ भोकं तेवढी उघडी ठेवायची, त्यांना रबरी बुचं लावायची.

मग गाडी तीच राहिली का?

प्रश्न गमतीचा नाही, कायद्याचाही आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या आणि ज्यांच्यात मोठी फेरफार-दुरुस्ती झालेली नाही अशा गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम २०२१ मध्ये आले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, पण रोजच्या वापराला अशी गाडी काढता येत नाही. ही पद्मिनी २०३६ मध्ये पन्नाशी गाठेल. तेव्हा कुणी विचारलं, तळ मूळचा आहे का? तर उत्तर, नाही. पण मूळचा तळ ठेवला असता, तर २०३६ बघायला गाडीच उरली नसती. म्हणून आधीचे, कापतानाचे आणि नंतरचे फोटो, बिलं सगळं जपून ठेवायचं. काय बदललं आणि का, हे लपवण्यापेक्षा दाखवता आलेलं बरं.

खरी टंचाई मात्र पत्र्याची नाही. पत्रा कुर्ल्यात हवा तेवढा मिळतो आणि महागही नाही. पैसे जातात मजुरीत, दिवसांत. आजच्या गॅरेजात पार्ट बदलतात, पत्रा घडवत नाहीत. चाचांचा पुतण्या हे काम शिकत होता. आता बाइकवर पार्सलं पोचवतो. "उसका गलती नहीं है," चाचा म्हणाले, "इसमें टाइम जाता है." चाचांच्या बोटांना जे कळतं ते कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. पद्मिनी संपण्याआधी ती बोटं संपतील, ही भीती जास्त खरी आहे.

तिसऱ्या आठवड्यात दरवाज्यातले पाइप कापून काढले. चाचांनी दरवाजा ढकलला, अगदी एका बोटानं. खट्! लागला. मालकानं तो सात-आठ वेळा उघडून लावून बघितला, आणि मग आईला फोन केला.

तुमच्या घरी आहे एखादी?

- पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षातून दोनदा मॅट आणि कार्पेट पूर्ण उचला. हात ओला लागला तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.
- स्क्रूड्रायव्हरनं तळ हलकेच टोचून बघा. 'टण्' आवाज आला तर छान, 'फस्' आला तर कुर्ला गाठा.
- फायबर, डांबर, रिबिट मारलेला पत्रा, यांना ठाम नकार द्या. कुठवर कापणार आणि दरवाज्यांना आधार देणार का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तरावरून कारागीर कळतो.
- जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरणार असाल, तर जोडाच्या कडा घासून घ्यायला लावा. जस्ताचा धूर छातीला वाईट.
- आणि शनिवारी सकाळीच जा. दुपारनंतर चाचा लोक कुणाचं ऐकत नाहीत!