खुंटा हलवून बघा!

मुलांनो, साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलं, की सज्जनगडाचा रस्ता लागतो. गड मागे टाकून पुढे गेलं, की ठोसेघरचा धबधबा येतो. बरेच पाहुणे तिथूनच परततात. तुम्ही मात्र आणखी वर, चाळकेवाडीच्या पठारावर जा. टोपी घट्ट धरा हं! इथे वाऱ्याचंच राज्य आहे. म्हणून तर जिकडे पाहावं तिकडे पवनचक्क्या! अशाच पवनचक्क्या पाटण तालुक्यात वनकुसवड्याला आहेत, आणि सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावरही.

खालून पाती कशी संथ फिरताना दिसतात! पण वर काही बिघडलं, तर कारागिराला शिडीने चढावं लागतं. मनोरा ५० मीटरचा धरला, तरी ती उंची १६ मजली इमारतीएवढी होते. म्हणून त्याच्या अंगावर खांदे, छाती आणि मांड्यांना आवळलेल्या पट्ट्यांचा हार्नेस असतो. त्याला दोरी, आणि दोरीच्या टोकाला हूक.

आता सांगा, जीव कशावर अवलंबून? पट्ट्यावर? दोरीवर? नाही! हूक कुठे अडकवला आहे, यावर. आटपाडीकडच्या खिलार बैलाला नवंकोरं दावं बांधलं, पण खुंटाच ढिला असला तर? बैल खुंट्यासकट पळेल! खुंटा हलवून बळकट करावा, असं आपली माणसं उगाच नाही म्हणत.

माणसाचा हा खुंटा किती बळकट हवा? अमेरिकेतल्या नियमानुसार एका माणसासाठी साधारणपणे ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२६८ किलो भार पेलणारा. माणूस तर ७०-८० किलोचा, मग एवढं कशाला? दोऱ्याला दगड बांधून अलगद धरा, दोरा टिकतो. तोच दगड वरून सोडा, दोरा तटकन तुटतो. पडणाऱ्या वस्तूचा हिसका वजनापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणूनच पाण्याचा पाइप किंवा विजेच्या तारांची पट्टी हा खुंटा नव्हे.

खुंटा डोक्याच्या वर असावा. समजा, दोरी १.८ मीटरची आहे आणि हूक पायाशी अडकवला आहे. हार्नेसची पाठीवरची कडी पायापासून साधारण १.५ मीटरवर असते. मग दोरी ताणली जाईपर्यंत माणूस ३.३ मीटर खाली गेलेला असतो! हूक डोक्यावर असता, तर थोडक्यात निभावलं असतं.

हूकही साधा चालत नाही. त्याचं तोंड आपोआप मिटायला हवं, आणि दोन वेगळ्या हालचाली केल्याशिवाय उघडता कामा नये. हुकात हूक अडकवायचा नाही, कारण पीळ पडून तोंड उघडू शकतं. जागा बदलताना दोन हुकांची दोरी लागते. पहिला हूक सोडण्याआधी दुसरा अडकवायचा. म्हणजे एक क्षणही माणूस मोकळा राहत नाही.

पवनचक्कीवर तुम्ही चढायचं नाही बरं का! पण तुमचे बाबा, काका, दादा पत्र्यावर, टाकीवर किंवा रंगकामासाठी उंच इमारतीवर चढत असतील, तर निघताना एवढंच विचारा, "हूक कशाला अडकवणार? ती जागा हलवून पाहिली का?" दोन हुकांची दोरी नसेल, तर मुकादमाकडे मागायला सांगा. पडल्यावर सावरण्यापेक्षा हे मागणं फार सोपं आहे.