लाजऱ्या माशांचं जेवण

अकोला, एप्रिल अखेर

चि. छकुलीस,

तुझे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे गोबी मासे दाण्याला तोंड लावत नाहीत, हे वाचून जीव कासावीस झाला. ते आजारी नाहीत, बाई. जेमतेम इंच-दीड इंचाचा हा बंबलबी गोबी बहुधा हलत्या भक्ष्यावरच झेप घेतो. वरून पडलेला दाणा त्याला खाणं वाटतच नाही. आणि वाटलं तरी तुझे गप्पी तो वरच्या वर फस्त करतात. आधी गप्पी दुसऱ्या टाकीत हलव.

मग फुटक्या कवेलूचे तुकडे नि रिकामे शंख धुऊन तळाशी पसर, प्रत्येकाला आपली जागा मिळेल इतके. लपायला आडोसा असला की हा मासा धीटपणे बाहेर येतो. पोटाखालचे पर जुळून त्याची वाटी झालेली असते, तिने तो काचेला चिकटतो. भिंगातून बघ, अंग जागच्या जागी आणि डोळे मात्र सारखे फिरत असतात. पुढे अंडी झाली तर नर अशाच कवेलूखाली ती राखत बसेल.

खायला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवली कोळंबी, दे. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर तिची अंडी आणि हवेची नळी. बाटली उजेडात ठेव. २८ अंशांच्या आसपास दिवसभरात पिल्लं निघतात. नळी बंद केलीस की टरफलं वर येतात आणि नारिंगी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. ती सुती कापडातून गाळून, धुऊन, ड्रॉपरने थेट माशाच्या तोंडापुढे सोड. कूलरच्या टाकीतल्या बारीक अळ्याही चालतील, पण औषध टाकलेल्या टाकीतल्या नकोत. आणि खातील तेवढ्याच घाल, उरलेल्यांचे डास होतात.

दर्यापूरकडच्या विहिरीचं पाणी आणायचा तुझ्या बाबांचा विचार मला पटत नाही. हे मासे मचूळ पाण्यातही राहतात हे खरं, पण तिथल्या खारपाणपट्ट्यातले क्षार म्हणजे समुद्राचं मीठ नव्हे. तुमच्या नळाला येणारं अप्पर वर्धा धरणाचं पाणीच रात्रभर उघडं ठेवून वापर.

मे महिन्यात टाकीतलं पाणी तापलं की प्राणवायू कमी होतो, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. बॅटरीवरचा पंप आताच घेऊन ठेव. आर्टेमियाच्या अंड्यांची डबी तुझ्या मामीबरोबर पाठवतोय, मिळाली की फ्रीजमध्ये ठेव.

तुझा,
मामा