सात कुंड्या

मार्चमध्ये पुण्यातली नोकरी गेली आणि मी सात कुंड्या घेऊन खापरला परत आले. दोन कॅलेथिया, दोन अ‍ॅग्लोनेमा, दोन नेचे, एक कॅलेडियम. उत्तरेकडच्या बाल्कनीत ती मजेत होती. इथलं अंगण पश्चिमेला सताड उघडं. मी कुंड्या तिथेच मांडल्या, कारण माझ्या खोलीच्या खिडकीतून त्या दिसायच्या. पुणं अजून संपलं नाही, असं वाटायचं.

एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला. कॅलेथियाची पानं कडांपासून कागदासारखी करपली. मी पाणी वाढवलं. काही उपयोग झाला नाही.

ही मोठ्या झाडांखाली वाढणारी झाडं. थोडा उजेड पकडायला त्यांची पानं रुंद आणि पातळ असतात. थेट ऊन पडलं की इतका प्रकाश त्यांना वापरता येत नाही, हरितद्रव्य जळतं. मुळं देतात त्याहून जास्त पाणी पान गमावतं. त्यात माझ्या कुंड्या काळ्या प्लास्टिकच्या. आत माती तापून मुळंही शिजत होती.

आईने मला काही शिकवलं नाही. एका सकाळी कुंड्या जागेवर नव्हत्या, एवढंच. मागे पूर्वेला, मोरीच्या पाण्यावर तिचा अळू वर्षानुवर्षं वाढतोय. सकाळचं कोवळं ऊन, वर पेरूची सावली, आणि दुपारनंतर घराचीच सावली. त्या ओलाव्यात तिने माझ्या कुंड्या दाटीने ठेवल्या होत्या.

तरी दोन्ही कॅलेथिया आणि एक नेचा गेला. कॅलेडियमची तर सगळी पानं झडली. मी ती कुंडी उकिरड्यावर टाकायला निघाले.

"राहू दे. खाली कंद आहे ना?" आई म्हणाली.

पाणी मिळेनासं झालं की कॅलेडियम पानं टाकून कंदात झोपतं, हे मला माहीत होतं. पण तेव्हा कशावरच विश्वास बसत नव्हता. रोज नोकरीचे अर्ज पाठवायचे आणि दिवसभर मोबाईल बघत बसायचं, असे ते दिवस.

जुलैमध्ये पाऊस लागला आणि त्या कुंडीतून गुलाबी सुरळी वर आली. आईने मला हाक मारली नाही. मी बघेपर्यंत थांबली.

ऑगस्टमध्ये नोकरी लागली. जाण्याआधी पश्चिमेला शेवग्याची जाड फांदी खोचली. शेवगा भराभर वाढतो. पुढच्या उन्हाळ्यात थोडी तरी सावली पडेल. उरलेल्या चार कुंड्या मी पुण्याला नेल्या नाहीत. आता फोनवर आई आधी त्यांचं सांगते, मग माझं विचारते.