पेन्शन कुठूनही काढा, पण किती?

आमचे आप्पा साखर कारखान्यातून रिटायर झाले. पेन्शन ईपीएस-९५ ची, महिन्याला १,१८० रुपये. जानेवारी २०२५ पासून ती देशात कुठल्याही बँकेतून काढता येते. गाव बदललं तरी पीपीओ हलवायची कटकट नाही. चांगलंच झालं! पण रक्कम कधी हलणार? किमान पेन्शन १,००० रुपये झाली सप्टेंबर २०१४ मध्ये, अजून तेवढीच. महागाई भत्ता तर या योजनेत नाहीच.

एप्रिल २०२५ पासून केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी यूपीएस आली. दहा वर्षं नोकरी झाली की किमान १०,००० रुपये. मिळू देत, त्यांचं वाईट वाटत नाही. पण दहा वर्षांची अट आप्पांनाही होतीच की! बुलढाण्यात म्हातारी माणसं साखळी उपोषणाला बसली, मागणी ७,५०० आणि महागाई भत्ता. यात जास्त काय मागितलं, सांगा?