दोन नावांचा डॉक्टर : कोमेडा आणि पोलंडचा जॅझ

१/
१९५६ च्या सुमारास पोलंडमधील पोझनान शहरात एक तरुण डॉक्टर कान-नाक-घशाचे रुग्ण तपासत असे. दवाखान्यात त्याचे नाव क्शिश्तोफ त्श्चिन्स्की. पियानोवर बसला की मात्र तो ‘कोमेडा’ होई. आपण जॅझ वाजवतो हे दवाखान्यातील सहकाऱ्यांना कळू नये, म्हणून हे दुसरे नाव. आजचा धागा या नावाविषयी आणि त्याने मोजलेल्या किमतीविषयी.

२/
या माणसाकडे माझे लक्ष जाण्याचे एक खासगी कारण आहे. मी दिवसा हिशेब तपासतो आणि रात्री टोपणनावाने हे धागे लिहितो. माझे गुपित फुटले तर फार तर चहाच्या वेळी थोडी थट्टा होईल. कोमेडाचे गुपित त्याच्या उपजीविकेशी बांधलेले होते. टोपणनाव एकच साधन, पण काळ बदलला की त्याचे वजन किती बदलते!

३/
त्याचा जन्म २७ एप्रिल १९३१ चा, पोझनानचाच. लहानपणी पोलिओ झाला आणि पाय किंचित अधू राहिला. पियानोचे शिक्षण कोवळ्या वयातच सुरू झाले होते. १९३९ मध्ये जर्मन सैन्य आले, पोझनान थेट जर्मन राज्यात सामील करण्यात आले आणि पोलिश शाळा-संस्थांना कुलुपे लागली. त्याचे संगीतशिक्षण इथे प्रथम तुटले.

४/
युद्ध संपले आणि सत्ता सोव्हिएत छायेतील कम्युनिस्टांकडे गेली. १९४९ नंतर कलेला ‘समाजवादी वास्तववादा’ची चौकट घालण्यात आली. जॅझ म्हणजे अमेरिकेचे संगीत, म्हणजे शत्रूचे संगीत. त्याला अधिकृत मंचावर थारा उरला नाही. वादक मित्रांच्या घरी, बंद खोल्यांत जमत. पोलिश जॅझच्या इतिहासात या कालखंडाला ‘भुयारांचा काळ’ म्हणतात. आरंभीचे ख्रिस्ती भुयारांत लपून प्रार्थना करीत, या प्रचलित समजुतीवरून.

५/
कोमेडा तेव्हा पोझनानला वैद्यक शिकत होता. क्राकोव्हला जाऊन तिथल्या वादकांच्या खासगी बैठकांत बसू लागला. त्याच्यापाशी शिक्षक नव्हता, ध्वनिमुद्रिका दुर्मीळ होत्या. शिकायचे ते रेडिओवरून, कानाने आणि एकमेकांकडून.

६/
आता १९५६ पाहू. २८ जूनला पोझनानचे कामगार भाकरीसाठी रस्त्यावर उतरले. रणगाडे आले, अनेक डझन माणसे मारली गेली. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, बाल्टिक किनाऱ्यावरील सोपोट येथे पोलंडचा पहिला मोठा जॅझ महोत्सव भरला. हजारो तरुण लोटले. एकच राज्यसत्ता एका हाताने गोळ्या झाडत होती आणि दुसऱ्या हाताने मंच मोकळा करत होती. या काळाकडे पाहताना दोन्ही हात एकदम दिसले पाहिजेत.

७/
सोपोटला बहुतेक वाद्यवृंद जुन्या वळणाचे, नाचायला लावणारे जॅझ वाजवत होते. कोमेडाच्या सहा जणांच्या संचात यान व्रुब्लेव्स्कीचा सॅक्सोफोन आणि येझी मिल्यानचा व्हायब्राफोन होता. त्यांचे वादन शांत, मोजके, आधुनिक होते. जॅझ ऐकण्याची, विचार करण्याची कला आहे, हे अनेक श्रोत्यांना तिथे प्रथम उमगले. पुढे डॉक्टरकी मागे पडली. लपण्यासाठी घेतलेले नाव आता जाहिरातीच्या फलकांवर झळकू लागले.

८/
त्याची दुसरी पाठशाळा म्हणजे चित्रपट. वूच येथील चित्रपटशाळेचा विद्यार्थी रोमान पोलान्स्की याने १९५८ मध्ये ‘दोन माणसे आणि एक कपाट’ हा जवळपास संवादहीन लघुपट केला. माणसे बोलत नाहीत, तेव्हा त्यांच्या मनातले संगीताने सांगायचे. १९६० च्या ‘निष्पाप जादूगार’ या आंद्रे वाइदाच्या चित्रपटालाही कोमेडाचेच संगीत आहे. त्याचा नायक कोण? जॅझ वाजवणारा तरुण डॉक्टर! १९६२ मध्ये ‘पाण्यातील सुरी’ आला. त्यात नौका, सरोवर आणि तीन माणसांमधला ताण यांवर तरंगणारा सॅक्सोफोन ऐका.

९/
चित्रपटाने त्याला काय शिकवले? नेमकेपणा आणि मौन. रूढ जॅझमध्ये आधी धून, मग एकेका वादकाचा विस्तार, शेवटी पुन्हा धून, असा साचा असतो. कोमेडाच्या रचनांत धून लहान असते, लय मध्येच बदलते, आणि उपज त्या धुनेच्याच पोटातून वाढते. स्वतः पियानोवर तो थोडे वाजवतो. इतरांना जागा करून देतो आणि दोन स्वरांमधली शांतता सांभाळतो.

१०/
या सगळ्याचा कळस म्हणजे ‘अस्टिग्मॅटिक’. डिसेंबर १९६५ मध्ये वॉर्सा येथे तिचे ध्वनिमुद्रण झाले. अवघ्या तीन रचना, त्यांपैकी पहिलीच वीस मिनिटांहून मोठी. ट्रम्पेटवर २३ वर्षांचा टोमाश स्तान्को, सॅक्सोफोनवर २६ वर्षांचा झ्बिग्नेव्ह नामिसवोव्स्की, तालवाद्यांवर स्वीडनचा रूने कार्लसन आणि बासवर पश्चिम जर्मनीचा ग्युंटर लेंझ. युरोप मधोमध दुभंगलेला असताना दोन्ही बाजूंचे वादक एका खोलीत बसले होते. अमेरिकेची नक्कल सोडून युरोपीय जॅझ स्वतःच्या भाषेत बोलू लागला, याचा दाखला म्हणून ही ध्वनिमुद्रिका आजही पुढे केली जाते. आणि ती काढली कोणी? सरकारी ध्वनिमुद्रण संस्थेने.

११/
१९६८ मध्ये हॉलिवूडच्या ‘रोझमेरीज बेबी’साठी त्याने एक शब्दहीन अंगाई रचली. पडद्यावरील नायिका मिया फॅरो हिनेच ती गुणगुणली. ऐकणाऱ्याला झोप येण्याऐवजी अंगावर काटा येतो. त्याच वर्षअखेरीस लॉस एंजेलिस येथे एका अपघातात कोमेडाच्या डोक्याला जबर मार बसला. बेशुद्धावस्थेतच त्याला मायदेशी आणले गेले. २३ एप्रिल १९६९ रोजी तो वॉर्सात वारला. अडतिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

१२/
त्याचा सूर मात्र आपल्या सह्याद्रीपर्यंत पोहोचला आहे. कोमेडाच्या संचात घडलेल्या स्तान्कोने १९८० मध्ये ताजमहाल आणि कार्ल्याची लेणी येथे एकट्याने ट्रम्पेट वाजवून ध्वनिमुद्रण केले. कार्ल्याच्या चैत्यगृहात मी कितीदा तरी उभा राहिलो आहे. तिथे उच्चारलेला शब्द विरायला वेळ घेतो. तिथे वाजवणाऱ्याला थांबता आले पाहिजे. स्वरानंतर थांबण्याचा हा धडा स्तान्कोला कोमेडाच्या शेजारी बसून मिळाला होता, असे ते वादन ऐकताना मला वाटते. पुढे १९९७ मध्ये त्याने ‘लितानिया’ ही संपूर्ण ध्वनिमुद्रिका कोमेडाच्या रचनांना वाहिली.

१३/
शेवटी एक मुद्दा, खास इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी. ‘दडपशाहीतच थोर कला जन्मते’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. कोमेडापुरता हिशेब मांडून पाहा. सोपोटचा महोत्सव ते अपघात, म्हणजे उघड मंचावर त्याला मिळाली सुमारे बारा वर्षे. अठरा ते चोवीस या वयाची वर्षे बंद खोल्यांत गेली. त्या खोल्यांत त्याला मित्र मिळाले, एकमेकांना ऐकण्याची सवय लागली, हे खरे. पण हे श्रेय मित्रांचे आहे, दाराबाहेरच्या भीतीचे नाही. दार उघडताच दहा वर्षांत त्याने ‘अस्टिग्मॅटिक’ घडवली. सहा वर्षे आधी उघडले असते तर?

१४/
या प्रश्नाला उत्तर नाही, पण भीतीला कलेची आई म्हणण्यापूर्वी तो मनाशी विचारावा. आज रात्री ‘अस्टिग्मॅटिक’ पहिल्यापासून ऐका, शक्यतो दिवा मालवून. धून निसटली असे वाटले तरी थांबू नका, ती परत येते. ऐकून काय वाटले ते खाली जरूर लिहा. स्वतःच्या नावाने लिहा किंवा टोपणनावाने, दोन्ही चालेल.