पोत्यांतली जावा

सरांच्या पश्चात त्यांच्या ग्रंथसंग्रहाचे काय करावे, हे विचारण्यासाठी काकूंनी बोलावले असेल अशा समजुतीने मी गेलो होतो. त्या मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथे चार पोती, एक पत्र्याचे पिंप, भिंतीला टेकवलेली चेसिस आणि आढ्याला टांगलेली दोन चाके होती.

“जावा आहे सरांची. तुझा जीव होता ना तिच्यावर? घेऊन जा. किती द्यायचे ते तूच सांग.”

जीव होता, हे खरे. एम.ए.ला असताना सरांच्या मागे बसून मी तिच्यावरून कोल्हापूरभर हिंडलो आहे. तीच दांडी आडवी असली की गिअर आणि उभी केली की किक, या करामतीचे मला त्या काळी फार अप्रूप होते. पुढे निवृत्तीच्या आसपास सरांनी स्वतः दुरुस्त करायची म्हणून गाडी खोलली आणि ती खोललेलीच राहिली. पण घेणारा मी आणि भाव ठरवणाराही मीच, ही अवस्था मोठी अवघड होती. बाजारात दोघे घासाघीस करतात आणि त्यातून किंमत ठरते. इथे समोरच्या बाजूने घासाघीस करणारे कोणीच नव्हते.

दोन भाव आधीच आले होते. भंगारवाल्याने वजनावर सहा हजार सांगितले होते. माझ्या ओळखीच्या एका हौशी गृहस्थांनी न पाहताच फोनवर लाखभर म्हटले होते. पोती मात्र दोघांपैकी कोणीच उघडली नव्हती.

पुढल्या रविवारी आमच्या मेस्त्रींना घेऊन गेलो. चादर पसरून एकेक वस्तू तिच्यावर मांडत गेलो. पाने सुटलेले हस्तलिखित हाती आले की प्रथम पाने मोजावी लागतात. किती आहेत यापेक्षा कोणती नाहीत हे महत्त्वाचे असते. मेस्त्रींची रीतही तीच होती. त्यांनी पिस्टनकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी आरसी बुक मागितले, चेसिसवरचा क्रमांक रॉकेलने पुसून वाचला, मग क्रँककेसवरचा. दोन्ही पुस्तकाशी जुळले. गाडी १९६८ची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना १९९६मध्ये बंद पडला. तिथल्याच गाड्या १९७३पासून येझदी या नावाने निघू लागल्या. त्यांचे बरेच भाग जुन्या जावांना बसतात, त्यामुळे आज जावा म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्या खिचडी असतात. प्रक्षेप ओळखणे हे आम्हा मराठीच्या मास्तरांचे काम, पण त्या पडवीत ते मेस्त्रींना माझ्याहून चांगले जमत होते. “हा मडगार्ड येझदीचा,” ते नुसत्या हाताने चाचपून म्हणाले.

क्रमांक जुळण्याला आज आणखी एक अर्थ आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. चेसिस किंवा इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. पण अशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. कागदपत्रे नसती तर या ढिगाऱ्याला सुट्या भागांचीच किंमत उरली असती. कागद होते, मात्र आधी वारसाच्या नावे हस्तांतर आणि मग विक्री, असा दुहेरी हेलपाटा होता.

मग हिशेब मांडला. अशी गाडी पूर्ण होऊन कागदांसह चालू स्थितीत उभी राहिली, तर आमच्या भागात एक लाख ऐंशी हजारांना जाईल, असा मेस्त्रींचा अंदाज. त्यातून वजा: बोअर, पिस्टन, क्रँक अठरा हजार, क्रोम सोळा, टाकी आणि रंग चौदा, वायरिंग नऊ, टायर आणि स्पोक अकरा, हरवलेला स्पीडोमीटर आणि एक सायलेन्सर बारा, मजुरी पंचवीस. एकूण एक लाख पाच. उरले पंचाहत्तर. त्यातून मेस्त्रींनी आणखी वीस हजार काढायला लावले. कशाचे, असे विचारल्यावर म्हणाले, “न दिसणाऱ्याचे.” खोललेल्या गाडीत काय नाही ते जोडायला घेतल्याशिवाय कळत नाही. ज्याने खोलली त्याला ठाऊक असते, आणि इथे तोच माणूस नव्हता.

मी काकूंना पंचावन्न हजार सांगितले. सुटे भाग एकेक करून विकले तर कदाचित जास्त येतील, हेही सांगितले. न सांगता राहवले नाही, एवढेच.

“सुटीच विकायची असती तर भंगारवाल्याला नसती का दिली?” काकू म्हणाल्या आणि एका शब्दात तयार झाल्या. त्यांच्या त्या तयार होण्याने माझी झोप उडाली. एका अक्षरानेही वाद न होता ठरलेला भाव रास्त होता, असे कशावरून म्हणायचे?

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. सरांच्या कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्पीडोमीटर सापडला होता. शेजारीच सायलेन्सर. हरवू नयेत म्हणून सरांनीच जपून ठेवलेले. मी जाऊन ते आणले आणि जे नाहीत म्हणून बारा हजार वजा केले होते, ते बारा हजार काकूंच्या हातात ठेवले. त्या घेईनात. “सौदा झाला होता ना?” म्हणाल्या. मी चौथे पोते म्हणून हिशेब समजावला, तेव्हा घेतले.

त्याच आठवड्यात सिलिंडर शिरोलीच्या एका वर्कशॉपात मोजून आला. बोअर याआधीच शेवटच्या मापापर्यंत वाढवलेला होता. आता नवा लायनर घालावा लागणार, म्हणजे अठरा हजारांचे कलम पंचवीसच्या पुढे. मेस्त्रींनी विचारले, “हे काकूंकडून वळते करणार का?”

“नाही. ते तुमच्या न दिसणाऱ्यात धरलेय.”

“सर, तुम्हाला हा धंदा जमायचा नाही,” ते म्हणाले आणि लायनरचे माप लिहून घेऊ लागले.