शिंपी, वांगं आणि अस्मादिक

चित्रकलेशी माझा छत्तीसचा आकडा शाळेतच जमला. खरं म्हणजे दोष आकड्यांचाच. आमच्या लहानपणी पक्षी काढायला शिकवत ते आकड्यांतून. मराठी दोन काढा, चोच लावा, झालं बदक. मराठी चार काढून आभाळात उधळा, झाला थवा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, सूर्यातूनच निघालेली नदी, काठावर झोपडी, एक नारळ आणि वर पाच-सहा चार. एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्रात कबुतरांना दाणे टाकणारा मुलगा आला, तेव्हाही मी इमानेइतबारे जमिनीवर चारच पसरले. त्यांतले दाणे कुठले आणि कबुतरं कुठली हे परीक्षकांना कळलं नसावं. मी नापास झालो. पुढे ३५ वर्षं नोकरीत पगार काढला, रजा काढल्या, फंडातून कर्ज काढलं, फावल्या वेळात साहेबांच्या खोड्या काढल्या. चित्र तेवढं काढलं नाही.

ते काढायची पाळी गेल्या पावसाळ्यात आली. आमची ही गॅलरीतल्या वांग्याला पाणी घालताना घसरून पडली. हे वांगं म्हणजे तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं, पानांनी माजलेलं, एकही वांगं न देणारं झाड. ऐन पावसात वांग्याला पाणी घालायची गरज काय, असं मी अँब्युलन्समध्येच विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. त्यावरून हाड मोडलंय हे एक्स-रेच्या आधीच माझ्या ध्यानात आलं.

प्लॅस्टर घातलं आणि सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. चाकांची खुर्ची भाड्याने आणली, ती खोलीच्या दारातच अडकली. आमची बिल्डिंग बांधली तेव्हा माणसं फक्त चालतील, असा बिल्डरचा अंदाज होता. खोलीच्या खिडकीतून दिसते ती शेजारच्या बिल्डिंगची भिंत आणि तिच्यावरचे पाण्याचे पाइप.

आमच्या घरात कामांची वाटणी स्पष्ट आहे. ती बोलते, मी ऐकतो. पाच-सहा दिवसांत ती बोलायचीच थांबली. ‘चहा देऊ?’ ‘द्या.’ ‘साखर पुरे?’ ‘पुरे.’ मी चहात साखरच घातली नव्हती. तरी चकार शब्द नाही! भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लग्नाला ४१ वर्षं झाली, पण इतकी धास्ती मला तिच्या बोलण्याचीही कधी वाटली नव्हती.

मग एके दिवशी सकाळी गॅलरीतून ‘टुविट्-टुविट्-टुविट्’ असा कानठळ्या बसवणारा आवाज आला.

“अहो, कोण ओरडतंय?”

“पक्षी आहे.”

“ते मलाही कळतं. कुठला?”

मी जाऊन आलो. “लहान आहे.”

“केवढा?”

“चिमणीपेक्षा लहान.”

“रंग?”

“हिरवट. म्हणजे तपकिरी. म्हणजे... आता गेला.”

“चोराला तुम्ही प्रत्यक्ष बघितलंत तरी पोलिसांना काडीचा उपयोग नाही,” ती म्हणाली. आठ दिवसांतलं हे तिचं सर्वांत लांब वाक्य. मी लगेच मोबाइल घेऊन धावलो. अकरा फोटो काढले. दहांत पानं होती आणि अकराव्यात माझा अंगठा. ते सगळे बघून ती म्हणाली, “काढून दाखवा.”

“काय?”

“चित्र. पेन्सिलीने.”

आता तिला इंटरमीजिएटला ‘ए’ ग्रेड आहे, हे मला लग्न ठरवताना सांगितलं होतं आणि त्यानंतर ४१ वर्षं अधूनमधून सांगितलं जात होतं. जुनं कॅलेंडर उलटं केलं, पेन्सिल तासली आणि गॅलरीत स्टूल टाकून बसलो. तासाभराने पहिलं चित्र तिच्यापुढे ठेवलं.

“हा बटाटा का?”

“पक्षी आहे.”

“मग चोच?”

“पलीकडच्या बाजूला आहे.”

इथून माझं शिक्षण सुरू झालं. शिक्षिका आतल्या खोलीत, विद्यार्थी गॅलरीत आणि मधल्या हॉलमधून आरडाओरडा. आधी डोकं काढायचं नाही, आधी अंग कसं तोललंय ते बघायचं. “घड्याळाचे काटे समजा! शेपूट किती वाजता आहे?” मी ओरडायचा, “एक वाजता!” मग त्या रेघेवर एक अंडं, अंड्यावर एक गोटी, आणि चोचीची रेघ मागे नेली की तिच्या जरा वर डोळा. पाय अंड्याच्या मधोमध खिळ्यासारखे ठोकायचे नाहीत. गुडघा मागे वाकलेला दिसतो तो गुडघाच नव्हे, ती टाच! खरा गुडघा वर पिसांत लपलेला. म्हणजे पक्षी जन्मभर चवड्यांवर उभा. मुलुंड ते व्हीटी ३५ वर्षं मीही तसाच उभा राहिलो, पण माझं चित्र काढावं असं कुणाला वाटलं नाही.

मुख्य अडचण अशी की मॉडेल एका जागी तीन सेकंदसुद्धा बसत नाही. त्यावरही बाईंकडे तोड होती. एका कागदावर पाच-सहा चित्रं अर्धवट सुरू करायची. पक्षी पुन्हा ज्या ऐटीत बसेल, त्या चित्रात भर घालायची. माझ्या कॅलेंडरवर बिनडोक, बिनपायाचे, नुसत्या शेपटीचे पक्षी जमू लागले. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी दोन दिवस माझ्याकडे बघून पडदे लावून घेतले. तिसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ‘सहज’ डोकावले. कागद बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. “वा! बेडूक झकास!” म्हणाले.

पण बघता बघता मला दिसायला लागलं. पाठ शेवाळी, पोट मळकट पांढरं, कपाळावर गंजाच्या रंगाची टोपी, शेपूट ताठ. ओरडताना मानेच्या बाजूला काळसर डाग चमकतो, तोंड मिटलं की गायब. मी टोपी रंगवून दाखवली आणि ती उशीवरून जवळजवळ उठलीच. “अहो, शिंपी आहे हा! घरटं असणार. पानं बघा, पानं!”

बघितली. आमच्या त्या वांझ वांग्याची दोन पानं एकमेकांना शिवलेली होती! कडेला चोचीने भोकं पाडून त्यातून कापसाचा, कोळिष्टकाचा धागा ओवलेला आणि बाहेरच्या बाजूला धाग्याचं टोक रिव्हेटसारखं पसरलेलं. आमच्या नाक्यावरच्या टेलरने तीन हेलपाटे घालायला लावूनही इतकी साफ शिलाई दिलेली नाही.

मग लायब्ररीतून सलीम अलींचं पुस्तक आणलं. भारतीय पक्ष्यांवरचं ते पुस्तक पहिल्यांदा १९४१ साली निघालं. रिकी-टिकी मुंगसाच्या गोष्टीत दर्झी नावाचा एक बडबड्या पक्षी आहे, तो हाच, हे तिनेच सांगितलं. गोष्ट लिहिणाऱ्या किपलिंगचा जन्म १८६५ सालचा, तोही आपल्या जे. जे. स्कूलच्या आवारात, वडील तिथेच शिकवायचे. “बघा,” ती म्हणाली, “चित्रकलेचं वारं लागलं की माणसाला शिंपी दिसतो.” मुलुंडच्या पश्चिमेला नॅशनल पार्कचं अख्खं जंगल टेकलेलं. ते सोडून हा गृहस्थ पूर्वेला, तळमजल्यावर, तेलाच्या डब्यात बिऱ्हाड करतो, याचं मला राहून राहून नवल वाटलं. परवडत नसावं, असं तिचं मत पडलं.

आता तिला रोजचा अहवाल लागायचा, तोही सचित्र. घरट्याच्या जवळ जायचं नाही, पाणी लांबून लोटीने घालायचं, पाल आली तर हाकलायची. दोनेक आठवड्यांनी पानांतून पिल्लांच्या पिवळ्या चोची दिसल्या. मी त्या काढल्या त्या नेमक्या मराठी चारसारख्या आल्या. त्यावरून मी अर्धा तास बोलणी खाल्ली. चहात साखर नाही, पेन्सिलीला टोक नाही, लादी पुसलेली नाही, एलिमेंटरीच्या परीक्षकांनी माझं काय चुकीचं केलं? इतकं बरं मला महिनाभरात वाटलं नव्हतं.

प्लॅस्टर निघालं तोवर पिल्लं उडून गेली होती. वॉकर दारातून नीट निघतो. एक एक पाऊल टाकत ती गॅलरीपर्यंत आली. शिवलेली पानं पिवळी पडली होती. बराच वेळ तिने टाक्यांवरून नजर फिरवली. तेवढ्यात तो ग्रिलवर येऊन बसला आणि ओरडला. तिने त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या माझ्या कॅलेंडरकडे.

“अहो, ह्याची शेपूट तर केवढी आखूड आहे!”

“मादी असेल,” मी म्हटलं. “विणीच्या दिवसांत नराची मधली पिसं लांब होतात. पुस्तकात आहे.”

“मग नर कुठाय?”

“आत्ता होता.”

ती काही तरी बोलणार होती, पण तिची नजर डब्याकडे गेली. पानांच्या मागे जांभळं, लिंबाएवढं काही तरी लोंबत होतं. एवढे दिवस मी तिथे रोज बसत होतो आणि ते मला दिसलं नव्हतं.

“आणा तो तांब्या,” ती म्हणाली. “मीच घालते पाणी.”

मी आत गेलो आणि तांब्याच्या आधी फडकं आणून गॅलरीची लादी दोनदा कोरडी पुसली.